रेषेखालची मुलं

युनिसेफच्या फ्लॉरेन्समधल्या इनोचेंती संशोधन केंद्राने २००० साली श्रीमंत देशांतल्या बालदारिद्र्याचा पहिला तुलनात्मक अहवाल काढला. केंद्राचा पत्ता मोठा समर्पक आहे. ब्रुनेलेस्कीने पंधराव्या शतकात उभारलेलं ते टाकून दिलेल्या मुलांचं अनाथालय. दर्शनी कमानींवर अजूनही कापडात गुंडाळलेल्या बाळांची निळी-पांढरी शिल्पं दिसतात. या वास्तूतून निघालेल्या अहवालात क्रमवारीचे तक्ते होते, आणि त्यांतले दोन शेजारी ठेवून वाचणारा गोंधळून जावा असे होते.

एका तक्त्यानुसार चेक प्रजासत्ताकात शंभरातली जेमतेम सहा मुलं गरीब होती आणि अमेरिकेत बावीस. दुसऱ्या तक्त्यानुसार अमेरिकेत चौदा, आणि चेक प्रजासत्ताकात त्र्याऐंशी. काळ तोच, १९९०च्या दशकाचा मध्य. मुलंही तीच. गणितात चूक कुठेच नव्हती.

फरक होता तो रेषेचा. पहिल्या तक्त्यात प्रत्येक देशाला त्याची स्वतःची रेषा होती. देशातल्या सगळ्यांना उत्पन्नाप्रमाणे रांगेत उभं केलं, तर बरोबर मधोमध जो माणूस येईल त्याचं उत्पन्न म्हणजे मध्यक. त्या मध्यकाच्या निम्म्याहून कमी उत्पन्नावर ज्या घराचं चालतं, ते घर गरीब आणि त्यातलं मूल गरीब. दुसऱ्या तक्त्यात सगळ्या देशांना एकच रेषा लावली होती, ती अमेरिकेची अधिकृत दारिद्र्यरेषा, त्या त्या देशातल्या महागाईचा हिशेब करून बदललेली. नुकत्याच साम्यवादातून बाहेर पडलेल्या चेक समाजात सगळेच बेताचे होते. शेजाऱ्यापेक्षा फार मागे पडलेलं मूल तिथे क्वचितच सापडे, पण अमेरिकेतल्या गरिबाच्या मापाने मोजायला गेलं तर जवळजवळ सगळा देशच रेषेखाली जाई.

मग गरीब मुलाला प्राग परवडलं की न्यूयॉर्क? या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, आणि श्रीमंत देशांतल्या बालदारिद्र्यावरचे निम्मे वाद याच जागी अडकून पडतात. ज्याला आपल्या देशाचं कौतुक करायचं असतं तो सोयीचा तक्ता उचलतो, ज्याला टीका करायची असते तो दुसरा.

अमेरिकेची ती रेषा आली कुठून, ते मात्र पाहण्यासारखं आहे. ती आखली मॉली ओर्शान्स्की या बाईंनी. युक्रेनमधून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची ही मुलगी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात गरिबीतच वाढली. पुढे ती अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनात संशोधक म्हणून लागली. १९६३ साली त्या प्रशासनाच्या नियतकालिकात तिचा एक लेख आला, गरिबांच्या मुलांवर. म्हणजे आज साऱ्या अमेरिकेची गरिबी ज्या रेषेने मोजतात, तिचा उगम मुलांच्या अभ्यासात आहे.

तिची रीत गृहिणीच्या हिशेबाइतकी साधी होती. अमेरिकी कृषी खात्याकडे कुटुंबाच्या आहाराचे काही आराखडे तयार होते. त्यातला सगळ्यात स्वस्त आराखडा तात्पुरत्या अडचणीच्या काळासाठी होता, हात आखडला असेल तेव्हा कसंबसं निभावून नेण्यासाठी. ओर्शान्स्कीने त्याचा खर्च घेतला. १९५५च्या एका पाहणीत दिसलं होतं की कुटुंबं आपल्या उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग खाण्यावर घालवतात. म्हणून तिने त्या खर्चाला तिनाने गुणलं. चौघांच्या कुटुंबाला १९६३ साली वर्षाला सुमारे ३,१०० डॉलर, ही झाली रेषा. पुढच्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं. युद्ध म्हटलं की शत्रू किती आहेत ते मोजावं लागतं, आणि मोजायला हाताशी होतं ते हेच माप. १९६९मध्ये त्यावर सरकारी शिक्का बसला.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे काहीसं ओळखीचं वाटेल. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१मध्ये भारतातली गरिबी मोजली तीही अन्नापासूनच सुरुवात करून. माणशी दिवसाला २,२५० कॅलरी मिळवून देणारा खर्च हा त्यांचा पाया होता. दोन्ही देशांत रेषा पोटातून निघाली. पण अमेरिकेत ती जी गोठली ती गोठलीच. दरवर्षी तिच्यात महागाईची भर घालतात, बाकी ढाचा तोच. आज अमेरिकी कुटुंबाच्या खर्चात खाण्याचा वाटा एक तृतीयांश राहिलेला नाही, तो आठव्या हिश्शाच्या आसपास आला आहे. घरभाडं, पाळणाघर आणि औषधपाणी यांनी ती जागा कधीच खाल्ली. तिनाने गुणण्याची ती रीत मात्र अजून चालू आहे.

त्याहून मोठी गोम दुसरी आहे. या अधिकृत मोजणीत कुटुंबाचं उत्पन्न धरताना फक्त करपूर्व रोख रक्कम धरतात. अन्नासाठी मिळणारी सरकारी मदत धरत नाहीत, घरभाड्यातली मदत धरत नाहीत, आणि करखात्याकडून परत मिळणारे पैसेही नाहीत. गरिबांसाठी सरकार जे सगळ्यात जास्त करतं, नेमकं तेच या मापाला दिसत नाही. याचा परिणाम काय होतो ते पुढे येईलच.

युरोपने वाट वेगळी धरली. तिथे रेषा समाजाबरोबर चालते. विचार जुना आहे. अॅडम स्मिथने १७७६मध्येच लिहून ठेवलं होतं की लिननचा सदरा ही काही जगण्याची गरज नव्हे, पण त्याच्या काळच्या बहुतेक युरोपात तो नसेल तर मजुरालाही चारचौघांत जायची लाज वाटेल. विसाव्या शतकात पीटर टाउनसेंड या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने याला पाहणीचं रूप दिलं. आपल्या समाजात जे सर्रास केलं जातं, खाल्लं जातं, नेसलं जातं, ते परवडत नसणं म्हणजे गरिबी, असं त्याचं म्हणणं. अमर्त्य सेन यांचं त्याच्याशी वाजलं, पण सेन यांचीही मांडणी अशीच होती की लाज न वाटता वावरता येणं ही गरज सगळीकडे सारखी, फक्त त्यासाठी लागणाऱ्या वस्तू देशादेशांत वेगळ्या.

मुलांच्या बाबतीत मला ही बाजू जास्त पटते. दहा वर्षांचं मूल आपली तुलना प्रागशी करत नाही, ते शेजारच्या बाकावरच्या मुलाशी करतं. वर्गाची सहल निघते तेव्हा घरात किती कॅलरी शिजतात याने त्याचं समाधान होत नाही.

पण या चालत्या रेषेचेही चमत्कार आहेत. २००८च्या आर्थिक संकटानंतर ब्रिटनमध्ये लोकांची मिळकत घसरली, मध्यक खाली आला, आणि मध्यकाला बांधलेली रेषाही खाली सरकली. गरिबांचे भत्ते मात्र महागाईला जोडलेले असल्यामुळे तितके घसरले नाहीत. परिणामी २०१०–११च्या हिशेबात तीन लाख मुलं ‘गरिबीतून बाहेर’ आली. त्यांच्या ताटात वाढ झाली नव्हती. फक्त बाकीच्यांच्या ताटातलं कमी झालं होतं. तेव्हाचे मंत्री इयन डंकन स्मिथ यांनी यावर बोट ठेवून मापच बदलायची भाषा सुरू केली. आक्षेप खरा होता. त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष किती खरा होता, ते शेवटाकडे येईल.

रेषा ठरली तरी घर मोजायचं कसं हा प्रश्न उरतोच. चार माणसांच्या घराला एकट्या माणसाच्या चौपट पैसा लागत नाही. चूल एक, दिवा एक. म्हणून वजनं ठरवली आहेत. युरोपीय संघाच्या पद्धतीत घरातल्या पहिल्या प्रौढाला १, त्यापुढच्या प्रत्येक प्रौढाला ०.५ आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला ०.३. आई, वडील आणि दोन लहान मुलं मिळून २.१. समजा एखाद्या देशात मध्यक महिन्याला २,००० युरो आहे. युरोपात रेषा निम्म्यावर नव्हे, साठ टक्क्यांवर असते, म्हणजे एकट्या माणसासाठी १,२०० आणि या चौघांसाठी २,५२० युरो. घरात २,६०० येतात. घर गरीब नाही.

आता थोरली मुलगी चौदा वर्षांची होते. नियमानुसार ती प्रौढांत गेली, तिचं वजन ०.३ वरून ०.५ झालं, घराचं २.३ झालं आणि रेषा २,७६० युरोंवर गेली. पगार तोच, भाडं तेच. सांख्यिकीच्या वहीत मात्र ते सबंध घर गरीब झालं आणि धाकटा भाऊही बसल्या जागी गरीब मुलांत मोजला गेला. ओईसीडी ही श्रीमंत देशांची संघटना दुसरी पद्धत वापरते; घरातल्या माणसांच्या संख्येचं वर्गमूळ काढते. चौघांचं वजन दोन, मग मुलगी चौदाची असो की चारची. म्हणून एकाच देशाचा बालदारिद्र्याचा आकडा दोन संस्थांच्या अहवालांत वेगळा दिसला, तर लगेच कुणी लबाडी केली असं समजू नये. वजनाचं माप वेगळं असतं, निम्मं की साठ टक्के हा फरक असतो, वर्षही एखाददुसरं मागेपुढे असतं.

आणि भाडं? मुंबईकराला हे समजावून सांगायची गरज नाही. लंडनमधल्या एका कुटुंबाचं आणि इंग्लंडच्या उत्तरेतल्या एखाद्या गावातल्या कुटुंबाचं उत्पन्न सारखं असलं, तरी भाडं दिल्यावर दुसऱ्याच्या हातात महिन्याचा किराणा उरतो आणि पहिल्याच्या हातात पंधरा दिवसांचा. ब्रिटिश सरकार म्हणूनच दोन्ही आकडे छापतं. २०२३–२४मध्ये भाडं धरण्यापूर्वी सुमारे २३ टक्के मुलं गरीब होती. भाडं वजा केल्यावर ३१ टक्के. मंत्री भाषणात पहिला आकडा वापरतात आणि विरोधक दुसरा. मुलांचं पोट भाडं भरून झाल्यावर जे उरतं त्यावरच भरतं, तेव्हा दुसरा आकडा मला जास्त प्रामाणिक वाटतो.

उत्पन्नाच्या या सगळ्या कसरतींना कंटाळून युनिसेफने २०१२च्या अहवालात सरळ मुलांच्या आयुष्यात डोकावणारी एक यादी घेतली. चौदा गोष्टी, एकोणतीस युरोपीय देश. दिवसाला तीन वेळचं जेवण. दिवसातून एकदा तरी मांस, कोंबडी किंवा मासे, अथवा तितकंच सकस शाकाहारी अन्न. रोज ताजी फळं आणि भाजी. वयाला शोभतील अशी पुस्तकं, शाळेची नव्हेत. सायकलीसारखं बाहेर खेळायचं साधन. पोहणं किंवा वाद्य शिकणं असा एखादा नियमित छंद. घरात खेळायचे खेळ. शाळेच्या सहलीचे पैसे. गृहपाठ करायला पुरेशा उजेडाची, निवांत जागा. इंटरनेट. काही तरी नवे कपडे, सगळेच दुसऱ्यांचे उतरलेले नकोत. पायात नीट बसतील असे बुटांचे दोन जोड. मित्रांना अधूनमधून घरी खेळायला, खायला बोलावता येणं. वाढदिवसासारखे प्रसंग साजरे करता येणं.

यांतल्या दोन किंवा अधिक गोष्टी परवडत नसल्या, की ते मूल वंचित. आइसलँडमध्ये अशी मुलं शंभरात एकही भरत नव्हती. रुमानियात सत्तरच्या वर होती.

या यादीतली शेवटची दोन कलमं मला सगळ्यात सुज्ञ वाटतात. कुपोषण वजनकाट्यावर दिसतं. पण ज्या मुलाच्या घरी मित्र येत नाहीत, ते हळूहळू मित्रांच्या घरी जाणंही टाळतं. वाढदिवसाचं आमंत्रण आलं की भेटवस्तू कुठून आणायची हा प्रश्न असतो, म्हणून त्या दिवशी त्याचं पोट दुखतं. ही गरिबी कुठल्याही कॅलरीच्या तक्त्यात बसत नाही. बुटांचे दोन जोड वाचून आपल्याकडे कुणाला हसू येईल. पण उत्तर युरोपातल्या हिवाळ्यात बर्फाने भिजलेला एकुलता एक जोड रात्रीतून वाळत नाही, एवढं लक्षात घेतलं की त्या कलमात चैन दिसेनाशी होते.

मापांचा हा गुंता सोडवल्यावर एक गोष्ट मात्र कुठलीही पट्टी लावली तरी टिकते. अमेरिकेचा शेजारी कॅनडा घ्या, युरोपातले देश घ्या. बाजारातून मिळणाऱ्या उत्पन्नावर, म्हणजे पगार आणि धंद्यातल्या कमाईवर पाहिलं, तर या देशांतली मुलं एकमेकांपासून तितकी लांब नसतात. एकटी आई आणि तुटपुंजा पगार सगळीकडे आहेत, बेकारीही आहे. आयर्लंडमध्ये तर संकटाच्या काळात बाजाराच्या उत्पन्नावर चाळीस टक्क्यांहून अधिक मुलं रेषेखाली होती. कर आणि भत्ते यांचा हिशेब पुरा झाल्यावर हा आकडा बराच खाली येई. देशांमधली दरी पडते ती इथे, सरकारी हिशेबाच्या टप्प्यावर.

याची उलटी बाजू जपानने दाखवली. जपान म्हणजे एकजिनसी मध्यमवर्गीय देश, असा तिथल्या लोकांचाही समज होता. सरकारने सापेक्ष दारिद्र्याचा आकडा अधिकृतपणे जाहीर केला तोच मुळी २००९मध्ये, सत्ताबदल झाल्यावर. २०१२च्या हिशेबात शंभरातली सोळा मुलं गरीब निघाली. आया आबे यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवलेली गोष्ट त्याहून विचित्र होती. एका काळात तर कर आणि विमाहप्ते कापून भत्ते दिल्यावर तिथलं बालदारिद्र्य कमी होण्याऐवजी वाढत होतं. तरुण आईबापांकडून हप्ते भरपूर घेतले जात आणि निवृत्तांकडे पैसा जाई. एकट्या पालकाच्या घरातली निम्मी मुलं गरीब होती, आणि त्यातल्या बहुसंख्य आया कामावर जात होत्या. आळस हे गरिबीचं कारण सांगणाऱ्यांनी जपानकडे जरूर पाहावं. २०१२च्या सुमारास तोक्योतल्या ओता भागात मुलांसाठीची पहिली खानावळ सुरू झाली, थोड्या येनांत किंवा फुकट गरम जेवण देणारी. आज अशा खानावळी दहा हजारांवर आहेत. दरम्यान भत्तेही वाढले आणि २०२१च्या हिशेबात मुलांचा आकडा साडेअकरा टक्क्यांवर आला. एकट्या पालकांच्या घरातला मात्र तेव्हाही चव्वेचाळीसच्या वर होता.

आता पुन्हा अमेरिका. मार्च २०२१मध्ये, कोविडच्या मदतकायद्यात, मुलांसाठीच्या करसवलतीचं रूप एका वर्षापुरतं पालटलं. आधी ती मुलामागे वर्षाला २,००० डॉलरपर्यंत होती, पण तिची पूर्ण रक्कम मिळायला पुरेशी कमाई लागे. म्हणजे ज्या घराला सगळ्यात जास्त गरज, त्याला सगळ्यात कमी. नव्या नियमाने सहा वर्षांखालच्या मुलाला ३,६०० आणि मोठ्यांना ३,००० डॉलर केले, आणि कमाईची अट काढून टाकली. शिवाय निम्मी रक्कम वर्षाअखेरीची वाट न पाहता जुलैपासून डिसेंबरपर्यंत दर महिन्याला थेट खात्यात जाऊ लागली. लहान मुलाला महिना ३००, मोठ्याला २५०. युरोपात बालभत्ता म्हणतात तो हाच; अमेरिकेला तो नवा होता.

अमेरिकेच्या जनगणना विभागाकडे तोवर दुसरं, पूरक माप आलं होतं. २०११पासून छापलं जाणारं हे माप अन्नाची मदत, भाड्यातली मदत, करपरतावा सगळं धरतं आणि औषधपाणी, पाळणाघर, कामावर जायचा खर्च वजा करतं. या मापावर २०२०मध्ये ९.७ टक्के मुलं गरीब होती. २०२१मध्ये ५.२. नोंदी सुरू झाल्यापासूनचा हा नीचांक. कोविडमधले रोख धनादेशही त्यात होते, पण मुलांच्या बाबतीत मोठं काम या सवलतीने केलं.

वर्ष संपलं आणि मुदतही संपली. सिनेटमध्ये पन्नास विरुद्ध पन्नास अशी स्थिती होती. सत्ताधारी पक्षातलेच वेस्ट व्हर्जिनियाचे जो मँचिन अडून बसले आणि सवलत पुढे चालू राहिली नाही. २०२२चा आकडा आला १२.४ टक्के. एका वर्षात पन्नास लाखांहून अधिक मुलं पुन्हा रेषेखाली. २०२३मध्ये १३.७.

समाजशास्त्रात प्रयोगशाळा नसते म्हणतात, पण ही जवळजवळ तशीच होती. त्याच देशात, तीच कुटुंबं. एका जुलैत पैसे सुरू झाले, सहा महिन्यांनी थांबले. आणि जुनं, अधिकृत माप काय म्हणत होतं? २०२१मध्ये १५.३ टक्के, २०२२मध्ये १५.०. ओर्शान्स्कीच्या रेषेला यातलं काहीच कळलं नव्हतं. करपरतावा मोजायचाच नाही असं ठरवलेल्या पट्टीवर ही लाखो मुलं ना वर आली ना खाली गेली. ‘गरिबीवर इतका पैसा ओतला, फरक तर काही पडत नाही’ हे वाक्य अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. ते ज्या आकड्याच्या आधाराने म्हटलं जातं, तो आकडा तो पैसा बघतच नाही.

पोलंडने हेच काम कायमचं करून पाहिलं. एप्रिल २०१६पासून दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येकी महिना ५०० झ्लॉटी, गरीब घरात पहिल्यालाही. २०१९पासून सरसकट सगळ्या मुलांना. २०२४पासून ८०० झ्लॉटी. ज्या सरकारने हे आणलं ते पुराणमतवादी होतं आणि त्याचं बोलून दाखवलेलं उद्दिष्ट जन्मदर वाढवण्याचं होतं. जन्मदर काही टिकून वाढला नाही. गरिबी मात्र घटली. युनिसेफने डिसेंबर २०२३मध्ये चाळीसेक श्रीमंत देशांची जी तुलना छापली तिच्यात २०१२–१४ ते २०१९–२१ या काळात पोलंडमधलं बालदारिद्र्य अडतीस टक्क्यांनी कमी झालेलं दिसतं. स्लोव्हेनियातही एकतीस टक्क्यांनी. दोन्ही देश युरोपातल्या बड्यांपेक्षा गरीब. त्याच काळात ब्रिटनमधलं वीस टक्क्यांनी वाढलं, आणि फ्रान्स, स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड या खात्यापित्या देशांतही सुमारे दहा टक्क्यांनी. देश किती श्रीमंत आहे यावरून तिथल्या मुलांचा अंदाज बांधू नये, हे या तक्त्याइतकं ठळक दुसरीकडे दिसत नाही. आइसलँडची आठवण मुद्दाम करून देतो. वरच्या चौदा वस्तूंच्या यादीत पहिला आलेला देश तोच.

ब्रिटनमध्ये ही वाढ झाली ती ठरवून. १९९९मध्ये टोनी ब्लेअर यांनी लंडनच्या टॉयन्बी हॉलमध्ये वीस वर्षांत बालदारिद्र्य संपवण्याचं वचन दिलं. २०१०मध्ये त्याचा कायदा झाला, उद्दिष्टांसह. त्यानंतर सरकार बदललं आणि काटकसर आली. निवृत्तांच्या पेन्शनला महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के यांतलं जे जास्त असेल तितकी वाढ दरवर्षी हमखास मिळू लागली. मुलांच्या भत्त्यांना कात्री लागली. एप्रिल २०१७पासून जन्मलेल्या तिसऱ्या आणि त्यापुढच्या मुलासाठी गरीब कुटुंबाला मिळणारा भत्ता बंद. वर्षाला सुमारे साडेतीन हजार पौंडांचा फटका. अपवाद होते. जुळी झाली तर, दत्तक घेतलं तर, आणि बलात्कारातून मूल झालं तर. हा शेवटचा अपवाद मिळवायला बाईला डॉक्टर किंवा समाजसेविकेसारख्या तिऱ्हाइताची सही असलेला अर्ज भरून द्यावा लागे. कुठल्या तरी कचेरीत बसून कुणी तरी त्या अर्जाचे रकाने आखले असतील. या मर्यादेचा फटका बसलेल्या मुलांची संख्या सोळा लाखांच्या वर गेली आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक घरांत कुणी ना कुणी कामावर जात होतं.

स्कॉटलंडच्या सरकारने २०२१मध्ये स्वतःचा वेगळा बालभत्ता सुरू केला. आठवड्याला दहा पौंडांनी सुरुवात, पुढच्याच वर्षी पंचवीस. मुलांच्या संख्येवर मर्यादा नाही. भाडं वजा केल्यावर तिथे गरीब मुलं सुमारे २३ टक्के होती, सबंध ब्रिटनमध्ये ३१. सगळं श्रेय भत्त्याला देता येणार नाही, स्कॉटलंडमधली घरंही स्वस्त आहेत. तरी तिथल्या कायद्याने २०२३–२४साठी ठरवलेलं अठरा टक्क्यांचं उद्दिष्ट हुकलंच.

डंकन स्मिथ यांच्या आक्षेपाचं पुढे काय झालं? २०१६मध्ये बालदारिद्र्याच्या कायद्यातली उत्पन्नावर आधारलेली सगळी उद्दिष्टं काढून टाकण्यात आली. कायद्याचं नावही बदललं, त्यात ‘दारिद्र्य’ हा शब्द उरला नाही. सरकारला उत्पन्नाऐवजी बेकार घरं आणि मुलांची शाळेतली प्रगती मोजायची होती. या मोजणीत ज्या घरातली आई दोन नोकऱ्या करूनही भागवू शकत नाही, ते घर दिसलंच नसतं. वरच्या सभागृहात, लॉर्डांमध्ये, यावर जुंपली. उद्दिष्टं वाचली नाहीत, पण गरीब घरांतल्या मुलांचे उत्पन्नाचे आकडे दरवर्षी छापण्याचं बंधन सरकारवर राहिलं. त्यामुळे दर मार्चमध्ये आकडा येत राहिला, एकंदरीत वाढत गेला, आणि पत्रकारांना, शिक्षकांना, खासदारांना तो हाताशी मिळत राहिला. नोव्हेंबर २०२५च्या अर्थसंकल्पात दोन मुलांची मर्यादा एप्रिल २०२६पासून उठवण्याचं जाहीर झालं. ब्रिटिश सरकारचाच अंदाज आहे की यामुळे २०२९–३०पर्यंत साडेचार लाख मुलं गरिबीतून बाहेर येतील. हा अंदाज कायद्यातून हद्दपार केलेल्या त्या जुन्या, मध्यकाला बांधलेल्या रेषेवरच केलेला आहे.